क्रॉन कार्यांतील दोषनिवारण

क्रॉन ही युनिक्स व युनिक्ससदृश संगणक प्रणालींमध्ये ठरावीक वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सेवा आहे. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तिचा समावेश होता. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली क्रॉनची आवृत्ती पुढे लिनक्स व बीएसडी प्रणालींमध्ये रूढ झाली. बॅकअप घेणे, जुन्या फाइली काढून टाकणे अशी कामे क्रॉनवर सोपवली जातात. ही कामे कोणी समोर नसताना चालतात. त्यामुळे बॅकअप बंद पडल्याचे अनेकदा तो शोधण्याची वेळ आल्यावरच कळते.

वेळापत्रक

क्रॉनटॅब या तक्त्यात प्रत्येक कामाची एक ओळ असते. तीत मिनिट (०–५९), तास (०–२३), दिनांक (१–३१), महिना (१–१२) व वार (०–७, ० आणि ७ म्हणजे रविवार) ही पाच पदे आणि त्यानंतर आज्ञा असते. दिनांक व वार दोन्ही नमूद केल्यास त्यांपैकी एक जुळले तरी काम चालते. म्हणून १३ तारीख व शुक्रवार असे लिहिलेले काम दर १३ तारखेला आणि दर शुक्रवारीही चालते.

दोषांची कारणे

टर्मिनलमध्ये चालणारी आज्ञा क्रॉनमधून न चालण्याचे प्रमुख कारण म्हणजे परिवेशातील फरक. वापरकर्त्याने लॉगिन करताना लागू होणाऱ्या मांडण्या क्रॉनला मिळत नाहीत. आज्ञा शोधण्याच्या निर्देशिकाही मोजक्याच असतात. यासाठी आज्ञांचे व फाइलींचे संपूर्ण मार्ग लिहितात. क्रॉनटॅबमध्ये टक्केचिन्ह (%) नव्या ओळीसारखे मानले जाते. ते शब्दशः हवे असल्यास त्यापूर्वी उलटी तिरकी रेघ देतात. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर असल्यास सकाळी ६ वाजताचे काम भारतीय वेळेनुसार ११:३० वाजता चालते.

दोषशोधन

क्रॉनने काम सुरू केले होते का, हे प्रथम प्रणालीच्या लॉगमध्ये पाहतात. नोंद नसल्यास सेवा बंद असणे, वेळापत्रक चुकणे किंवा त्या वेळी संगणकच बंद असणे या शक्यता उरतात. चुकलेले काम क्रॉन नंतर करत नाही. त्यासाठी अ‍ॅनाक्रॉन वापरतात. नोंद असल्यास दोष आज्ञेत किंवा तिच्या परिवेशात शोधावा लागतो. क्रॉन आज्ञेचे आउटपुट ईमेलने पाठवतो, मात्र संगणकावर ईमेलची व्यवस्था नसल्यास ते हाती येत नाही. म्हणून आउटपुट व त्रुटिसंदेश दोन्ही एखाद्या फाइलमध्ये साठवतात. तरीही लॉगमधील नोंद केवळ काम सुरू झाल्याचे दर्शवते. बॅकअप उपयोगी आहे याची खात्री त्यातील फाइल परत मिळवून पाहिल्यावरच होते.