नाकापेक्षा गाठ जड

कासारसाईच्या धरणावर भजी खायला थांबलो, तेव्हा मामांनी पिशवीतून सीटीची काळी फिल्म काढून आभाळाकडे धरली. "नाकात मांस वाढलंय म्हणे. बंद आहे डावी नाकपुडी, अन् यात भरलेली दिसतेय उजवीकडची! दुसऱ्याचीच फिल्म दिली का काय?"

थांबा, मामा. आधी हिशेब समजून घ्या. सीटीच्या मोजपट्टीवर हे समोरचं धरण म्हणजे शून्य! पाणी शून्य, हवा उणे १०००, टणक हाड अधिक हजाराच्याही पुढे. पट्टी सीटीचं यंत्र घडवणाऱ्या हाऊन्सफील्ड यांच्या नावाची. त्यांच्या यंत्रात पहिला पेशंट गेला १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनला. हवा काळी, हाड पांढरं. घोळ मधल्या करड्याचा, कारण साचलेला शेंबूडही करडा आणि गाठही करडीच.

तिथे एमआरआय. त्यात पातळ शेंबूड बहुधा पांढराशुभ्र उजळतो, गाठ मळकट राहते. हे यंत्र ऐकतं शरीरातल्या हायड्रोजनच्या रेडिओलहरी. आपल्याच जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या हायड्रोजनकडेही कान लावून असतात. बाहेरचा रेडिओ आत घुसू नये म्हणून एमआरआयच्या खोलीला बहुतेक ठिकाणी तांब्याचा पत्रा मढवतात. कासारांचं काम नाकापर्यंत पोचलं म्हणायचं!

गाठींचे नखरेही निरनिराळे. ऑस्टिओमा हस्तिदंतासारखी टणक, बहुतेकदा कपाळामागच्या सायनसमध्ये. कितीदा तरी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत सापडते, आणि त्रास नसेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात.

इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाप्रमाणे उलट्या काळजाची, बाहेर फुगण्याऐवजी आत वाढणारी. कर्करोगाची नाही, पण काही जणांत तिकडे वळते. बहुधा एकाच बाजूला होते, म्हणून एकच नाकपुडी सतत चोंदत असेल तर कान-नाक-घसावाले कान टवकारतात. एमआरआयमध्ये तिच्यावर मेंदूसारख्या वळ्या दिसतात. सीटीत एखाद्या जागी हाड जाड झालेलं दिसलं, की तिचं मूळ बहुधा तिथेच. सर्जन दुर्बिणीतून आत शिरून ती जागा घासून काढतो. हरळीसारखं आहे हे, मूळ राहिलं की पुन्हा फुटणारच.

खरी खट्याळ अँजिओफायब्रोमा. जवळजवळ नेहमी वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते, नाकातून घळाघळा रक्त येतं. एमआरआयवर मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखी दिसते. काळे ठिपके म्हणजे वेगानं वाहणाऱ्या रक्ताच्या वाहिन्या. तिचा तुकडा तपासायला घ्यायला गेलं तर रक्त आवरत नाही, म्हणून निदान चित्रावरच. ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी वाहिनीत बारीक नळी घालून तिचा रक्तपुरवठा तोडतात.

आणि हो, नाक आणि डोळा यांच्यामध्ये हाडाचा नुसता पापुद्रा असतो. तो शाबूत आहे ना, हे सर्जन चाकू हातात घेण्याआधी सीटीत बघून ठेवतो.

"ते ठीक, पण माझी डावी?"

मामा, फिल्म समोरासमोर बसलेल्या माणसासारखी वाचायची. तिची उजवी बाजू म्हणजे तुमची डावी. मामांनी फिल्म पुन्हा आभाळाकडे धरली, स्वतःचं नाक चाचपलं आणि भज्यांची दुसरी प्लेट सांगितली.