मार्चचा पहिला मंगळवार

मुलं वाढवायला व्हरमाँटचं लहान गाव बरं, असं म्हणणारे अमेरिकेत पुष्कळ भेटतात. वाचनालय, खेळाचं मैदान, रात्री बर्फ पडला तरी शाळेच्या वेळेआधी मोकळा झालेला रस्ता. ही सगळी सोय कोण ठरवतं, हे पाहायचं तर मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिथे हजर असावं. त्या दिवशी गावसभा असते. राज्य सरकारची कचेरी बंद असते आणि खासगी नोकरदारालाही सभेसाठी बिनपगारी रजा घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

स्ट्रॅफर्ड हे हजार-अकराशे वस्तीचं गाव. तिथलं पांढरं लाकडी टाउन हाउस १७९९ साली बांधलेलं. इमारती गावोगाव वेगळ्या, पण रीत राज्यभर बरीचशी सारखीच. सभेची नोटीस निदान ३० दिवस आधी लागते. ५ टक्के मतदारांनी सह्या केल्या तर त्यांचा विषयही तिच्यात घालावा लागतो. मग गावचा छापील अहवाल येतो. त्यात खडीपासून अग्निशमन दलापर्यंतचा हिशेब असतो, आणि बऱ्याच गावांत वर्षभरातले जन्म, लग्नं, मृत्यूही. पानांवर खुणा करून लोक तो सभेला घेऊन येतात.

पहिलं काम सभा चालवणारा मॉडरेटर निवडण्याचं. त्यानंतर जे बोलायचं ते त्याला उद्देशून. शेजाऱ्याशी कितीही बिनसलेलं असो, थेट त्याच्यावर घसरता येत नाही.

सगळ्यात रंगतो तो रस्त्यांचा विषय. व्हरमाँटमधले निम्म्याहून जास्त गावरस्ते कच्चे आहेत. थंडी ओसरू लागली की जमीन वरून वितळते, खालचा थर मात्र गोठलेलाच राहतो. पाणी मुरायला जागा नसते आणि गाड्या चिखलात रुतून बसतात. त्याआधी हिवाळाभर हेच रस्ते बर्फाखाली असतात. त्यामुळे बर्फ ढकलणारा ट्रक नवा घ्यायचा की जुनाच आणखी दोन वर्षं रेटायचा, यावर प्रत्येकाला बोलायचं असतं. कोणी गंजलेल्या सांगाड्याबद्दल विचारतं, कोणी घरपट्टी किती वाढेल ते. एखादी बाई उठून दुरुस्ती सुचवते: राखीव निधीतून थोडे काढा, कर तेवढा कमी करा. अनुमोदन मिळालं की आधी दुरुस्तीवर मत, मग मूळ ठरावावर. आवाजी मतदानाच्या निकालावर एकाच मतदाराने तिथल्या तिथे शंका घेतली, तरी माणसं मोजावी लागतात. सात जणांनी मागितलं तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. शेजाऱ्यादेखत हात वर करणं जड जातं तेव्हा ही तरतूद फार मोलाची ठरते.

दुपारी पुष्कळ ठिकाणी घरोघरून आलेल्या पदार्थांचं जेवण असतं. केकच्या टेबलामागे शाळेची मुलं, सहलीचे पैसे जमवायला.

फ्रँक ब्रायन या व्हरमाँटच्याच राज्यशास्त्रज्ञाने १९७० पासून जवळजवळ तीन दशकं विद्यार्थ्यांना सभांना पाठवून नोंदी घेतल्या. हजेरी सरासरी मतदारांच्या एक पंचमांश, आणि गाव जितकं लहान तितकी ती जास्त, असं त्याला आढळलं. पुढे ओहोटी लागली. २०१५ च्या कायद्यानंतर शाळांची मंडळं एकत्र झाली, आणि करातला मोठा वाटा खाणारं शाळेचं अंदाजपत्रक बऱ्याच सभांतून बाहेर गेलं. २०२१ मध्ये कोविडमुळे अनेक गावांनी सभेतल्या मतदानाऐवजी मतपत्रिकेचा आधार घेतला. काहींनी ती पुढेही ठेवली.

मतपत्रिकेची बाजू खोडून काढता येत नाही. पाळीत काम करणारी नर्स किंवा तान्ह्या बाळाची आई मंगळवारचा अख्खा दिवस कुठून काढणार? पण मतपत्रिकेवर फक्त हो किंवा नाही. ट्रकची रक्कम कमी करून मागता येत नाही, तो चालवणाऱ्याला समोरासमोर विचारता येत नाही. कायदा मंगळवारच्या आधीच्या तीन दिवसांपैकी कधीही सभा सुरू करायची मुभा देतो, म्हणून काही गावं ती शनिवारी किंवा सोमवारी संध्याकाळी घेतात. मुलं सांभाळायचीही सोय काही ठिकाणी केलेली असते. ही वाट जास्त पटते. मुलं सांभाळण्याचा खर्च गावाने अंदाजपत्रकातच धरावा, ट्रकच्या रकमेखाली आणखी एक ओळ.