स्पॉकचा मेंदू कोणी चोरला?

विद्यार्थी मित्रहो, आवडती मालिका बंद पडणार असे कळले तर तुम्ही काय कराल? अमेरिकेतील प्रेक्षकांनी १९६७-६८ च्या हिवाळ्यात पत्रे लिहिली. मालिका होती ‘स्टार ट्रेक’. ‘एंटरप्राइज’ नावाचे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा, भावनेपेक्षा तर्काला मानणारा मिस्टर स्पॉक ही त्यातील मंडळी. दुसरे पर्व संपता संपता मालिका बंद होण्याची चिन्हे दिसू लागली. तेव्हा हजारो पत्रे दूरचित्रवाणी कंपनीच्या कचेरीत येऊन पडली. जानेवारी १९६८ मध्ये तर कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या विख्यात तंत्रविद्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मशाली घेऊन त्या कचेरीवर मोर्चा नेला. अखेर १ मार्च १९६८ रोजी एक भाग संपल्यावर घोषणा झाली : मालिका पुढे चालू राहील, कृपया पत्रे पाठवू नयेत!

आता या प्रेक्षकांची उत्सुकता किती ताणली गेली असेल, याची कल्पना करा. २० सप्टेंबर १९६८ च्या शुक्रवारी, रात्री दहा वाजता तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग सुरू झाला. त्याचे नाव होते ‘स्पॉक्स ब्रेन’, म्हणजे ‘स्पॉकचा मेंदू’.

काय होते त्या भागात?

एक अनोळखी स्त्री यानावर अवतरते, मनगटावरची कळ दाबून सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन जाते. रक्ताचा थेंब सांडत नाही. डोक्यावरचे केसही जसेच्या तसे! मेंदूवाचून उरलेले शरीर डॉक्टर यंत्रांच्या आधारे जिवंत ठेवतात आणि सांगतात, ‘हाती फक्त चोवीस तास आहेत.’ कर्क त्या शरीराला सोबत घेऊन शोधाला निघतो. स्पॉकच्या डोक्यावर एक साधन बसवलेले असते. हातातल्या पेटीची बटणे दाबली की स्पॉक चालतो, थांबतो, वळतो. शेवटी एका ग्रहाच्या पोटातील नगरात मेंदू सापडतो. तेथील हवा, पाणी आणि ऊब यांची सारी व्यवस्था तो एकटा सांभाळत असतो. एका शिरस्त्राणातून काही तासांपुरते ज्ञान मिळवून मॅकॉय तो मेंदू पुन्हा जागेवर बसवतो.

प्रेक्षकांची मते दुभंगली. ज्यांनी मालिका वाचवण्यासाठी पत्रे लिहिली होती, त्यांतील अनेकांना वाटले, ‘यासाठी का आम्ही धडपडलो?’ ग्रहावरील साऱ्या स्त्रिया बालबुद्धीच्या दाखवल्या होत्या, हेही पुष्कळांना खटकले. स्पॉकचे काम करणारे लिओनार्ड निमॉय यांनी पुढे लिहिले, की चित्रीकरण चालू असताना आपल्याला संकोच वाटत होता. संपूर्ण मालिकेतील सर्वांत फसलेल्या भागांत या भागाची गणना आजही होते. दुसरीकडे, ‘गंमत म्हणून पाहा, मजा येते,’ म्हणून त्याची पाठराखण करणारेही आहेत.

आपण न्यायाधीश होण्याआधी विज्ञानाच्या बाजूने साक्षी-पुरावे तपासू.

पुरावा पहिला : मेंदू काढणे आणि बसवणे

मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के; पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. रक्तपुरवठा थांबला तर काही मिनिटांतच त्याला कायमची इजा होऊ लागते. शिवाय मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात आणि खाली मज्जारज्जू जोडलेला असतो. एका डोळ्याकडून येणाऱ्या दृक्‌चेतेतच सुमारे १० लाख तंतू असतात. तुटलेला प्रत्येक तंतू योग्य जोडीदाराला जोडणे आजही कोणत्याही शल्यवैद्याला शक्य नाही. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट व्हाइट यांनी १९७० साली एका माकडाचे डोके दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवले. ते डोके पाहू शकत होते, ऐकू शकत होते. पण मज्जारज्जू जोडता न आल्यामुळे खालचे शरीर लुळेच राहिले. या मुद्द्यावर नाराज प्रेक्षकांची बाजू बळकट आहे.

पुरावा दुसरा : बटणावर चालणारे शरीर

सर्वांत जास्त हसू याच प्रसंगाचे आले. पण थोडे थांबा. स्नायू आकुंचन पावतो तो विजेच्या सूक्ष्म संदेशामुळे, आणि हा संदेश बाहेरूनही देता येतो. १९८२ साली अमेरिकेच्या राइट स्टेट विद्यापीठात जेरॉल्ड पेट्रॉफ्स्की यांनी संगणकाच्या साहाय्याने पायांच्या स्नायूंना असे संदेश दिले आणि कमरेखाली लुळ्या झालेल्या एका तरुणीने काही पावले टाकली. अर्थात तिला आधार लागत होता आणि तोल सांभाळणारा मेंदू तिच्याकडे होता. स्पॉकसारखी डुलत डुलत सफर अशक्यच. पण कल्पना अगदीच पोकळ नव्हती.

पुरावा तिसरा : तारा आणि यान

ज्या सिग्मा ड्रॅकोनिस ताऱ्याकडे कर्क जातो, तो खरा आहे. कालेय या तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे १९ प्रकाशवर्षांवर. चोरांचे यान मात्र ‘आयन’ इंजिनावर वेगाने पळते आणि मुख्य अभियंता स्कॉटी त्यावर खूश होतो. आयन इंजिनाची अंतराळातील पहिली यशस्वी चाचणी १९६४ सालीच झाली होती. ‘डॉन’ हे यान याच इंजिनाच्या बळावर २०११ मध्ये व्हेस्टा आणि २०१५ मध्ये सेरेस येथे पोहोचले. पण त्याचा रेटा किती? हातावर ठेवलेल्या एका कागदाच्या भाराएवढा! वेग वाढतो, पण महिनोन्‌महिने चिकाटीने. येथे लेखकाला निम्मेच गुण द्यावे लागतील.

हसण्याआड दडलेला प्रश्न

आता जरा दिनदर्शिका उघडू. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले आरोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण जगातील अगदी सुरुवातीच्या अशा प्रयत्नांपैकी तो एक होता. हृदय जोडताना मोठ्या रक्तवाहिन्या सांधल्या की मुख्य काम होते. मज्जातंतू न जोडताही ते धडधडते, कारण ठोक्यांचे केंद्र हृदयातच असते.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. तोवर हृदय बंद पडणे म्हणजे मृत्यू, असे सारे जग मानत होते. पण हृदय बदलता येते, यंत्राने श्वास चालू ठेवता येतो. मग माणूस गेला असे म्हणायचे केव्हा? ऑगस्ट १९६८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीने उत्तर सुचवले : मेंदूचे कार्य कायमचे थांबले, म्हणजे मृत्यू. भारतात मानवी अवयव आरोपणाच्या १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. आज एखाद्या शोकाकुल कुटुंबाने होकार दिला, की मूत्रपिंड, यकृत, हृदय दुसऱ्यांना जीवदान देतात, ते याच व्याख्येमुळे.

हार्वर्डचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने स्पॉकचा मेंदू चोरीला गेला! कथेत एक प्रसंग आहे. यंत्रातून स्पॉकचा आवाज येतो आणि आपले शरीर अमर्याद पसरले आहे, असे त्याला वाटते. त्याचे खरे शरीर तर कर्कच्या शेजारी उभे असते. मग स्पॉक कोठे आहे? कर्कच्या शेजारी की ग्रहाच्या पोटात? कर्कला क्षणभरही शंका पडत नाही. तो आवाजाच्या दिशेने निघतो. डॉक्टर आणि कायदेपंडित ज्यावर खल करत होते, त्याच प्रश्नाचे उत्तर या भोळसट कथेने सहज देऊन टाकले होते.

म्हणून या भागाला नापास करणारे प्रेक्षक चुकले का? नाही. शस्त्रक्रिया हास्यास्पद होती आणि स्त्रियांचे चित्रणही. तिसरे पर्व शेवटचेच ठरले. ३ जून १९६९ रोजी शेवटचा नवा भाग दाखवला गेला आणि दीड महिन्यातच माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. पण केवळ ‘भिकार’ किंवा ‘झकास’ एवढेच म्हणून जो थांबला, त्याच्या हातून हा प्रश्न निसटला.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या विज्ञानकथेचा नवा भाग पाहाल, तेव्हा वहीत तीन रकाने आखा : आज शक्य असलेले, उद्या कदाचित शक्य होणारे आणि निसर्गनियमांना न मानणारे. मग वर्गात वाद घाला. आणि चौथा रकाना रिकामा ठेवा : या गोष्टीने मला कोणता प्रश्न दिला? तो भरला, तर तो भाग पाहण्यात गेलेला तास वाया गेला नाही, असे खुशाल समजा.