पेंटबॉलच्या टाकीतली हवा : सहलीला जाण्याआधी समजून घेऊया



हल्ली शाळेच्या सहलीच्या पत्रकात रोप, झिपलाइन यांच्या जोडीला 'पेंटबॉल' हा शब्दही दिसायला लागला आहे. मुलं खूश असतात. पालक विचारतात, "गोळी लागली तर?" प्रश्न बरोबरच आहे. त्यासाठी तोंडावरचा मुखवटा असतो आणि तो मैदानात एका क्षणासाठीही काढायचा नसतो. पण बंदुकीला लटकवलेल्या बाटलीएवढ्या टाकीबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. आजचा लेख त्या टाकीबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास. रंगाच्या गोळ्या मारणारं हे पिस्तूल मुळात खेळासाठी नव्हतंच. अमेरिकेत जंगलातल्या झाडांवर आणि गुरांवर लांबून खूण करण्यासाठी ते वापरत, म्हणून खेळाडू आजही त्याला बंदूक न म्हणता 'मार्कर' म्हणतात. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर इथे काही मित्रांनी त्याचा पहिला खेळ खेळला. तेव्हा १२ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची छोटी काडतुसं वापरत. पुढे मोठ्या टाक्या आल्या आणि आता बहुतेक ठिकाणी साधी, पण प्रचंड दाबाची हवा वापरतात.

प्रचंड म्हणजे किती? आठवीच्या विज्ञानात आपण 'बल व दाब' शिकवतो, तिथे हे उदाहरण फार छान बसतं. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १५ पीएसआय जास्त असतो. गाडीच्या टायरमध्ये ३० ते ३५. पेंटबॉलच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत ३००० पीएसआय आणि कार्बन फायबरच्या टाकीत ४५०० पीएसआय! सीएनजी रिक्षाच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. ॲल्युमिनियमची टाकी साधारण तेवढीच भरते आणि कार्बन फायबरची त्याच्या दीडपट. पंपावर सीएनजी भरताना आपल्याला रिक्षातून खाली उतरवतात. इथे मात्र ती टाकी सातवीतलं पोर खांद्याला टेकवून धावत असतं.

हे भीती घालायला सांगत नाही. टाकी त्या दाबासाठीच बनवलेली असते. पण आत किती ऊर्जा आहे ते कळायला हवं. ६८ घनइंचाची टाकी म्हणजे जेमतेम १.१ लिटरची. ४५०० पीएसआयला तिच्यात बाहेरची जवळजवळ ३०० लिटर हवा कोंबलेली असते. ही हवा एकदम सुटली तर मिळणारी ऊर्जा मी काढून पाहिली. ताशी ४० किलोमीटरने धावणाऱ्या छोट्या मोटारीच्या गतिज ऊर्जेएवढी येते. (दहावीच्या हुशार मुलांना हे गणित जरूर द्या. आणि हो, भरलेली टाकी रिकामीपेक्षा तीन-साडेतीनशे ग्रॅमने जड लागते, म्हणजे 'हवेला वजन असतं' याचा पुरावा आयताच मिळतो.)

आता धोका नेमका कुठे आहे? टाकी आपोआप फुटण्यापेक्षा माणसाच्या हाताने घोटाळा होण्याची शक्यता जास्त. सगळ्यात वाईट घोटाळा असा. टाकीच्या तोंडावर झडप किंवा रेग्युलेटर आट्यांनी बसवलेला असतो आणि तो पुढे मार्करमध्ये आट्यांनीच बसतो. म्हणजे आट्यांचे दोन जोड झाले. खेळ संपल्यावर कुणी टाकी फिरवून काढायला लागला आणि मार्करकडचा जोड घट्ट बसलेला असला, तर झडप मार्करमध्येच राहते आणि टाकीच झडपेपासून सुटत जाते. शेवटचा आटा सुटला की टाकी रॉकेटसारखी उडते. अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या अशा उडून माणसं दगावली आहेत. न्यूटनचा तिसरा नियम इथे कुणाची गय करत नाही.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. टाकी आणि झडप या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ नेलपॉलिशने ओढायची. टाकी फिरवताना रेघेचे दोन्ही भाग एकत्र फिरले पाहिजेत. रेघ तुटलेली दिसली की हात तिथेच थांबवायचा, टाकी कुणाच्याही दिशेला धरायची नाही आणि जाणकाराला बोलवायचं. सहलीतल्या मुलांनी तर टाकी लावायची किंवा काढायचीच नाही. ते मैदानावरच्या माणसांचं काम. झडप टाकीपासून वेगळी करणं हे मैदानावरच्या माणसांचंही काम नाही, ते तपासणी केंद्राचं.

दुसरी गोष्ट भरण्याची. सायकलचा पंप जोरात मारला की तो तापतो, हे मुलांना माहीत असतं. टाकी घाईने भरली की तसंच होतं. त्यात भरायच्या तोंडावर तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब असेल तर दाबाने तापलेल्या हवेत तो पेट घेऊ शकतो. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं, तोच प्रकार. म्हणून भराई सावकाश, तोंड पुसून, डोळ्यांना चष्मा लावून करायची. "जरा तेल सोडलं की छान फिरेल" ही आपली सवय इथे घातक आहे. कोरडी, स्वच्छ हवाच भरायची. ऑक्सिजन कधीही नाही.

३००० आणि ४५०० च्या टाक्यांची भरायची तोंडं सारखीच असतात, त्यामुळे छोट्या दाबाच्या टाकीला मोठा दाब सहज जोडला जातो. अशा वेळी वाचवते ती बर्स्ट डिस्क. कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह जे करतो तेच ती करते. दाब मर्यादेबाहेर गेला की स्वतः फाटून हवा बाहेर सोडते. ती फाटली म्हणून तिथे भलताच स्क्रू बसवणं म्हणजे फ्यूजऐवजी जाड तार घालणं.

टाकीवर तपासणीची तारीख असते. तपासणीत टाकी पाण्याने भरून नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीडपट किंवा जास्त दाब देतात. पाणीच का? कारण पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी उडत नाही, नुसती गळते. वर्गात विचारायला उत्तम प्रश्न! अमेरिकेत ही तपासणी साधारण दर ५ वर्षांनी होते आणि कार्बन फायबरच्या टाकीचं आयुष्य सहसा १५ वर्षं धरतात. आपल्याकडे ५०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या गॅस सिलिंडरना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. ते पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

तेव्हा सहल ठरवताना आयोजकाला सरळ विचारा, "टाक्यांची तपासणी कधी झाली? तारीख दाखवा." दाखवायला टाळाटाळ झाली तर त्या दिवशी मुलांना झिपलाइनच बरी. टाकी उन्हात किंवा बंद गाडीत तापत पडलेली दिसली, फायबरचे धागे सुटलेले किंवा खोल ओरखडे दिसले, तरी नकार द्या. ॲल्युमिनियमची टाकी भट्टीत तापवून नवा रंग दिलेली असेल तर तीही नको, कारण उष्णतेने तो धातू मऊ पडतो.

आणखी एक. हवेचा झोत अंगावर, कानात, डोळ्यात मारायची गंमत मुलं करतात. कॉम्प्रेसरची नळी थट्टेने शरीराला लावल्यामुळे आपल्या देशात जीव गेलेले आहेत आणि तो दाब तर या टाकीच्या मानाने किरकोळच असतो. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात हे स्पष्ट शब्दांत सांगा, लाजू नका.

मुदत संपलेली टाकी कुणी शोभेसाठी शाळेला द्यायला आलं, तर आधी तपासणी केंद्राकडून ती रिकामी करून, झडप काढून, भोक पाडून घ्या. भोक पाडलेली टाकी पुन्हा कुणी भरू शकत नाही आणि प्रयोगशाळेत आतली भिंत किती जाड असते ते मुलांना दाखवता येतं.