झीज धरून केलेलं इंजिन

बोअर डायल गेज सिलिंडरमध्ये उतरला की मिस्त्री त्याचा दांडा किंचित पुढंमागं झुलवतात. तबकडीवरचा काटा एका बाजूला सरकत जातो, थबकतो आणि परत फिरतो. तो जिथून परत फिरतो तेवढंच माप खरं. सिलिंडरच्या तोंडाशी एक, मध्ये एक, तळाशी एक. मग दांडा काटकोनात वळवून पुन्हा तीच तीन. चार सिलिंडरांची अशी चोवीस मापं पत्र्यावर खडूनं उतरतात, आणि गाडी इतकी वर्षं कशी चालली ते त्या आकड्यांत वाचता येतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली ही शेड. आजूबाजूला ट्रॅक्टरचे आणि पंपांचे ब्लॉक पडलेत, त्यांच्यात फियाट ११०० चा ब्लॉक अगदी आटोपशीर दिसतो. गाडी सासऱ्यांची, १९६८ सालची डिलाइट. एक्झॉस्टमधून निळा धूर यायला लागला होता, तेल संपत होतं आणि घाटात गाडीचा दम तुटत होता. म्हणजे इंजिन काम निघालं.

मिस्त्रींनी मला बोलावून सिलिंडरच्या तोंडाशी नख फिरवायला लावलं. "कड लागली का हाताला?" लागली. वरच्या पिस्टन रिंगची धाव जिथं संपते, त्याच्या वर भिंत कोरी राहते. खाली ती झिजत जाते, म्हणून मध्ये पायरी तयार होते. सगळ्यांत जास्त झीज त्या पायरीच्या लगेच खाली असते. स्फोटाचा दाब आणि उष्णता तिथंच सर्वाधिक. पिस्टन क्षणभर थांबून दिशा बदलतो तेव्हा रिंग आणि भिंत यांच्यातला तेलाचा थर जवळजवळ नाहीसा होतो, तोही तिथंच. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका अंगाला दाबत असतो. त्यामुळं बोअर वर रुंद आणि खाली अरुंद होतो, आणि गोल राहत नाही. खडूच्या आकड्यांत दोन्ही स्पष्ट दिसत होतं. नव्या रिंगा टाकून हे भागणार नव्हतं. बोअर वाढवणं भाग होतं.

मूळ बोअर ६८ मिलिमीटर. हा आकडा फार जुना आहे. १९३७ साली तुरीनमध्ये फियाटनं ५०८ सी ही गाडी काढली. तिची रचना दान्ते जाकोझा या ऐन तिशीतल्या इंजिनिअरची. आदल्या वर्षीची छोटी टोपोलिनोही त्याचीच. बोअर ६८, स्ट्रोक ७५, १०८९ सीसी. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, क्रँकला तीन मेन बेअरिंगं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. फ्रान्समध्ये सिम्का ८ या नावानं हीच गाडी तयार होई. महायुद्धानंतर चिसितालिया कंपनीनं याच इंजिनावर २०२ ही देखणी स्पोर्ट्स कार उभी केली, आणि पिनिनफारिनाच्या घडणीची ती गाडी आज न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तिच्या बॉनेटखाली आणि दादर स्टेशनबाहेरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बॉनेटखाली एकाच घराण्याचं इंजिन होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नव्या सलग बॉडीची ११००-१०३ आली. तिच्या वंशातली डिलाइट १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं काढली. पुढं तिचीच पद्मिनी झाली. इटलीत १९६२ च्या ११०० डीला ७२ मिलिमीटरचा बोअर देऊन इंजिन १२२१ सीसीचं केलं होतं. आपल्याकडं मात्र ६८ कायम राहिला. इटलीनं ११०० हे मॉडेल १९६९ मध्ये बंद केलं, तरी कुर्ल्यात त्याच मापाची इंजिनं आणखी तीस वर्षं जोडली जात होती.

हे इंजिन इतकं टिकलं त्याचं कारण मला या शेडमध्ये दिसलं. ते कधीतरी झिजणारच, हे कागदावर रेघ ओढतानाच धरलेलं होतं. सिलिंडरच्या भिंतीत गरजेपेक्षा जास्त लोखंड ठेवलं, ते पुढं कापण्यासाठी. वाढीव मापाचे पिस्टन मिळतात. क्रँक घासला तर तो ग्राइंडिंगला लावायचा आणि तेवढ्या जाड बेअरिंगच्या वाट्या घालायच्या. भिंत फारच पातळ झाली तर स्लीव्ह मारून पुन्हा ६८ वर यायचं. आजच्या काही इंजिनांत सिलिंडरवर नुसता पातळ, कठीण लेप असतो. तो गेला की कापायला काही उरत नाही आणि अख्खा ब्लॉक बदलावा लागतो. त्या लेपाचे फायदे आहेत, इंजिन हलकं होतं. पण दुरुस्तीचा हक्क मालकाच्या आणि मिस्त्रीच्या हातून जातो, ही किंमत मला जास्त वाटते.

बोअरिंग मशीननं कापलेली भिंत डोळ्याला गुळगुळीत दिसते, तरी काम अर्धंच झालेलं असतं. शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी राखून ठेवतात. होनिंगचे दगड फिरता फिरता वरखाली होतात आणि भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते. त्या रेघांत तेल थांबतं. भिंत आरशासारखी केली तर तेल निसटून जाईल आणि रिंगा बसणारच नाहीत. मिस्त्रींनी होनिंगच्या आधी पिस्टन हातात घेऊनच मापले, खोक्यावरच्या आकड्यावर विसंबले नाहीत. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या काटकोनातच तो मापायचा, कारण तो थंड असताना किंचित लंबगोल ठेवलेला असतो. तापल्यावर गोलाकडं येतो. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यासाठी फट सोडायची. फार कमी सोडली तर पिस्टन धरतो. जास्त सोडली तर थंड इंजिन खडखडतं.

रिंगही एकेक करून बोअरमध्ये घालायची, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करायची आणि टोकांमधली फट फिलर गेजनं बघायची. कमी भरली तर कानसीनं घासायची. तापल्यावर टोकं एकमेकांना भिडली तर रिंग तुटून भिंत ओरबाडते.

सगळ्यांत जास्त वेळ मी हेडच्या बाकड्यापाशी थांबलो. तिथं एक तरुण मुलगा व्हॉल्व्ह बसवत होता. लाकडी दांडीच्या टोकाला रबरी चोखणी, ती व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची, सीटवर ग्राइंडिंग पेस्टचे चार ठिपके, आणि रवी फिरवावी तशी दांडी दोन्ही तळव्यांत घुसळायची. मध्येच व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा ठेवायचा, म्हणजे एकाच जागी घास पडत नाही. सुरुवातीला खरखर येते. हळूहळू तो आवाज बारीक होतो आणि मग पेस्ट कापेनाशी झाल्याचं हाताला कळतं. पुसल्यावर सीटभोवती राखाडी, अखंड कडं दिसायला हवं. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं कडं तुटक होतं. मुलानं काही न बोलता पुन्हा पेस्ट लावली. या हेडच्या एक्झॉस्ट सीट आधीच कठीण धातूच्या करून घेतल्या होत्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यात पातळ थर धरून झीज रोखायचं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि हवेच्या दृष्टीनं ते उत्तमच झालं, पण मऊ सीटचा आधार गेला. शेवटी हेड उलटं ठेवून, प्लग लावून प्रत्येक खळग्यात रॉकेल ओतलं. पोर्टच्या बाजूनं थेंबही उतरला नाही तर व्हॉल्व्ह बसला.

जोडणी त्या मानानं लवकर उरकते. हेडचे नट मधून सुरू करून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं आवळतात. अॅल्युमिनियमचं हेड एकदम आवळलं तर वाकतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलत असतात तेव्हा चौथ्याचे टॅपेट लावायचे, तिसऱ्याचे हलताना दुसऱ्याचे. टायमिंग साध्या बारा व्होल्टच्या दिव्यानं लागतं: डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की दिवा पेटतो.

इंजिन सुरू झालं तेव्हा मिस्त्रींनी आधी तेलाच्या दाबाकडं पाहिलं, मग कान टॅपेट कव्हरकडं लावला. बॉनेट मिटायच्या आत सासऱ्यांना बजावणं सुरू झालं होतं. "काका, पयले पाचशे किलोमीटर ताणायची न्हाई. पण नुसती उभी ठेवून गरम बी करायची न्हाई. रिंगांना जरा भार मिळायला पायजे, तवाच बसतील त्या." मग तेल बदलायचं, हेड पुन्हा एकदा आवळायचं आणि टॅपेट तपासायचे. सासऱ्यांनी डायरी काढली, तारीख आणि स्पीडोमीटरचा आकडा लिहिला, आणि खाली विचारून विचारून पिस्टनचं नवं माप टिपून घेतलं.