बंब येईपर्यंत

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1968 साली सुरू झाला. त्याच वर्षी संसदेने नागरी संरक्षण कायदा केला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण या भागातल्या आगींचा आणि त्या विझवायला धावणाऱ्यांचा मागोवा घ्यायचा तर याच वर्षापासून सुरुवात करावी लागते. वीज केंद्रामुळे प्रशिक्षित जवान आणि बंब गावाशेजारी आले. कायद्याने साध्या नागरिकाला स्वयंसेवक म्हणून उभं राहण्याची वाट दिली.

केंद्राची आगीची भीती वेगळी. साठवलेला कोळसा आतल्या आत तापून आपोआप पेटतो, कोळसा वाहणारे पट्टे पेटतात, ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं. 1979 आणि 1982 मध्ये 210 मेगावॅटचे संच आले, पुढे 500 मेगावॅटचे, तशी ही जोखीम वाढत गेली. पण केंद्राचा बंब कुंपणाच्या आतच राहिला नाही. फेकरी, वरणगाव, भुसावळ, कुठेही मोठी आग लागली की दीपनगरचा बंब मागवायचा, हे इथे ठरलेलंच.

तो येईपर्यंत मात्र गावच लढतं. एप्रिल-मे महिना, पारा पंचेचाळीसवर, आणि खळ्यातली कडब्याची गंजी पेटलेली. पहिली धावपळ गोठ्यातली गुरं सोडण्याची. मग कोणी विहिरीवरची मोटर सुरू करतो, कोणी फवारणीचा ट्रॅक्टर आणतो, बाया हंडे-कळशा भरून देतात. जाणती माणसं पेटलेल्या गंजीवर पाणी वाया घालवत नाहीत. शेजारची गंजी ओढून लांब करतात, तिच्यावर ओली गोणपाटं टाकतात. कापसाच्या गाठीची आग त्याहून फसवी. वरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते आणि रात्री पुन्हा पेटते. गाठ फोडून आतला कापूस पसरावाच लागतो. हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळालेलं नाही, पण ते खरं आहे. जे ठाऊक नसतं तेच जिवावर बेततं: वीज तोडल्याशिवाय पाणी मारायचं नाही, धुरात वाकून चालायचं, सिलिंडर तापला असेल तर जवळ जायचं नाही.

आणि या माणसांची नोंद कुठेच नाही, राज्यघटनेतही नाही. मला सर्वांत बोचते ती ही गोष्ट. 1992 च्या घटनादुरुस्त्यांनंतर अग्निशमन सेवा बाराव्या परिशिष्टात, म्हणजे नगरपालिकांच्या कामांत आली. पंचायतींच्या अकराव्या परिशिष्टात 29 विषय आहेत. त्यांत ‘इंधन आणि चारा’ आहे. तो चारा पेटला तर विझवायचा कोणी, हे नाही. खेड्याने आगीच्या वेळी शहराकडे किंवा कारखान्याकडे बघायचं, असाच त्याचा अर्थ झाला. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरपूरजवळच्या वाघाडीत रसायन कारखान्यात स्फोट झाला, तेव्हाही सर्वांत आधी धावून गेले ते आजूबाजूचे गावकरीच.

जगात ही व्यवस्था वेगळ्या रीतीनेही झाली आहे. चिलीत 1851 साली वालपराइसो बंदरात स्वयंसेवकांचं पहिलं दल उभं राहिलं आणि आजही त्या देशाची अग्निशमन सेवा स्वयंसेवकच चालवतात. आपल्याकडेही बीज आहे. होमगार्डची स्थापना 1946 मध्ये मुंबई प्रांतातच झाली. 2016 पासून ‘आपदा मित्र’ योजनेत तरुणांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळू लागलं. 2025 च्या मे महिन्यात नागरी संरक्षणाच्या सरावासाठी देशभरातल्या ठिकाणांची यादी निघाली, तीत भुसावळचं नाव होतं. तरी या योजनांची नजर पूर, युद्ध आणि मोठ्या आपत्तींवर. गावच्या खळ्यावर नाही.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी याच दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. कारखान्यांत आणि शाळांत प्रात्यक्षिकं होतात. खानदेशात नेमका हाच गंज्या पेटण्याचा हंगाम. त्या सप्ताहातला एक दिवस दीपनगरच्या जवानांनी फेकरीच्या खळ्यात यावं, दहा-बारा पोरांना नळी कशी धरायची आणि वीज कुठून तोडायची ते शिकवावं. ग्रामपंचायतीने पाण्याच्या टँकरला पंप आणि नळी जोडून तो उन्हाळाभर भरलेला ठेवावा, आणि त्या पोरांची नावं, मोबाइल नंबर पंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत.