आधी जमीन, मग गरम पाणी

लोणावळ्याच्या बंगल्यात गरम पाण्याचा टब बसवताना मंडळी आधी दरीचा देखावा पाहतात. मी म्हणतो, आधी जमीन पाहा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. दीड हजार लिटरच्या टबात चार माणसे उतरली, की भार पावणेदोन टनांवर जातो. उताराकडेच्या भरावावर तो पेलत नाही. मावळच्या पावसात भराव खचतो. याच जिल्ह्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले, हे विसरू नये. घराजवळची, पागोळ्यांपासून दूर, मूळच्या कठीण मुरुमाची जागा घ्यावी. वर सळया घालून काँक्रीटचा सपाट चौथरा करावा. भाजे लेण्यांतल्या पाण्याच्या पोढ्या दोन हजार वर्षे टिकल्या, कारण त्या अखंड कातळात खोदल्या आहेत.